पोकळ्या आहेत, मग पाणी का नाही?

प्रश्न : विहिरीची पाहणी करायला आलेल्या भूवैज्ञानिकांनी इंग्रजीत टिपण दिले. त्यात एका थराला ‘पोरस’ म्हटले आहे आणि लगेच पुढे ‘नॉट पर्मिएबल’ असेही लिहिले आहे. घरातल्या शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘सच्छिद्र’ आहे. मग खडक सच्छिद्र आहे आणि सच्छिद्र नाही, असे समजायचे का? ‘पर्मिएबल’ हा शब्द नेमका कुठे वापरतात?
— एक शेतकरी वाचक, जि. बीड

उत्तर : टिपण बरोबर आहे, घोटाळा शब्दकोशाचा आहे. ‘पोरस’ म्हणजे पोटात पोकळ्या असलेला, बस्स. त्या पोकळ्यांमधून काही आरपार जाते की नाही, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. ते सांगायचे काम ‘पर्मिएबल’चे. मासळीच्या खोक्याचा थर्मोकोल पाहा. त्यात बहुतेक हवाच असते, पण एकेक पोकळी आपापल्या भिंतीआड बंद असते. म्हणून आतला बर्फ वितळला तरी पाणी भिंतीतून बाहेर येत नाही. थर्मोकोल पोकळ्यांनी भरलेला आहे, पर्मिएबल मात्र नाही.

तुमच्या विहिरीतला तो थर बहुधा याच जातीचा असावा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थर निवताना त्यातले वायू बुडबुडे होऊन वर चढले आणि थराच्या माथ्याजवळ अडकले. त्यांच्या काही पोकळ्या रिकाम्या राहिल्या, काहींत पुढे गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजे भरली. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हा खडक. ताज्या मांजऱ्यात डोळ्यांना पोकळ्या दिसतात, पण त्या सुट्या सुट्या असल्याने पाणी मिळत नाही. तोच खडक झिजून कुजला की मधल्या भिंती मोडतात, पोकळी पोकळीला मिळते आणि झरे सुटतात.

काळ्या पाषाणाची तऱ्हा उलटी. चांगला घट्ट तुकडा हातात घेतला तर छिद्र औषधालाही सापडायचे नाही. पण त्या पाषाणाला भेगा आणि सांधे असतील, आणि ते एकमेकांना मिळाले असतील, तर त्यांतून पाणी वाहते. म्हणजे एक खडक पोरस असून पर्मिएबल नाही, तर दुसरा पोरस नसून भेगांच्या जोरावर पर्मिएबल. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागते आणि बांधाच्या अलीकडे आपल्या बोअरमधून नुसता फुफाटा उडतो, त्यामागे बरेचदा हेच असते. नशिबाला आणि पाणाड्याला बोल लावण्याआधी खडकाकडे पाहावे, असे माझे मत.

मातीतही हाच खेळ चालतो. चिकणमातीत जवळपास निम्मी जागा पोकळ असू शकते, म्हणजे नुसत्या पोकळ्या मोजल्या तर ती बऱ्याचदा वाळूला मागे टाकते. पण तिच्या पोकळ्या इतक्या बारीक असतात की पाणी कणांना धरून बसते, खाली उतरत नाही. आपली काळी जमीन तर याहून नखरेल. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोल जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरच साचते. जूनच्या सुरुवातीला पर्मिएबल असलेले रान ऑगस्टमध्ये जवळजवळ बंद झालेले असते. कोकणच्या जांभ्याला मात्र छिद्रेही असतात आणि ती जोडलेलीही असतात. त्याच्या सड्यावर पडलेले पाणी झपाट्याने मुरते आणि तितक्याच झपाट्याने उतारावरच्या झऱ्यांवाटे निघून जाते. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात तिथे टँकर येतो, याचे हे एक कारण.

पाणी किती वेगाने जाते याचे गणित फ्रान्समधल्या दिजों शहरात मांडले गेले. तिथले अभियंते आंरी दार्सी यांनी वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ मध्ये नियम प्रसिद्ध केला. खनिज तेलाच्या क्षेत्रात खडकाची पर्मिएबिलिटी आजही ‘डार्सी’ या एककात मोजतात.

आता वापराबद्दल. ‘पर्मिएबल’ म्हटले की लगेच विचारावे, कशासाठी? इंग्रजीत या शब्दामागे ‘टू’ लावून ते सांगतात, कारण एकच पडदा एकाला वाट देतो आणि दुसऱ्याला अडवतो. चांगल्या प्रतीच्या काही रेनकोटांचे कापड घामाची वाफ बाहेर सोडते, पावसाचा थेंब आत घेत नाही. घरच्या आरओ यंत्रातला पडदा पाणी जाऊ देतो आणि बहुतेक क्षार मागे ठेवतो, म्हणून तो ‘सेमी-पर्मिएबल’. त्याला मराठी परिभाषेत ‘अर्धपार्य’ असा शब्द आहे. ‘पार्य’ हा शब्द आटोपशीर आहे आणि अर्थालाही नेमका, पण पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडी नाही. बोलताना ‘झिरपू देणारा’ पुरेसे आहे.

बातम्यांत भेटते ती ‘पोरस बॉर्डर’. भारत-नेपाळसारख्या, सहज ओलांडता येणाऱ्या सीमेला तसे म्हणतात. काही जण त्याचे ‘सच्छिद्र सीमा’ करतात, तेव्हा मला सीमेला उंदीर लागल्यासारखे वाटते. ‘सताड उघडी सीमा’ म्हणायला काय हरकत आहे? टीकेने ढिम्म न हलणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत ‘इम्पर्व्हिअस’ वापरतात. ‘इम्पर्मिएबल’ सहसा खडक, कापड, प्लास्टिक यांच्याच वाट्याला येतो.

‘नॉट पर्मिएबल’ हा शेरा वाचून लगेच खट्टू होऊ नका. झिरपणे हवे की नको, हे कामावर ठरते. पाझर तलावाला झिरपता तळ हवा. तळाशी गाळ बसला की तलाव भरलेला दिसतो आणि खालच्या विहिरी कोरड्या राहतात. शेततळ्यात पाणी साठवायचे तर झिरपता तळ नको, म्हणून त्याला प्लास्टिकचे अस्तर घालतात. तुमच्याकडे हा थर विहिरीत लागला आहे, तेव्हा भूवैज्ञानिकांना दोन गोष्टी विचारा : हा न कुजलेला मांजऱ्या किती खोलीपर्यंत आहे, आणि त्याच्या खाली भेगाळ पाषाण लागण्याची शक्यता किती? आणखी खणायचे की नाही, हे त्यावर ठरवा.