गाडीतली बॅटरी आणि चार्जरची तार : बचत कोठे करावी, कोठे करू नये

कापडाच्या व्यापारात गाडी हेच आमचे दुसरे घर असते. माझ्या जुन्या ट्रॅव्हलर गाडीत मी मागच्या बाजूला झोपण्याची फळी, नमुन्यांचे कप्पे, दोन पंखे आणि चार दिवे बसवून घेतले. त्यासाठी मागे वेगळी बॅटरी ठेवली. रात्री मुक्कामाला गोदामाची वीज मिळाली की चार्जर लावायचा आणि सकाळी पुढच्या बाजाराला निघायचे, असा क्रम होता. चौदा महिन्यांत ती बॅटरी बसली. दुसरी आणली, तीही सुस्त पडू लागली. मी बॅटरीवाल्याला दोष देत होतो. मग एका रात्री जळका वास आला. फळी उचलून पाहिले तर तारेचा जोड काळा पडला होता आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर सुती चादरींचा गठ्ठा होता. त्या रात्री माल वाचला, मी वाचलो. पण दोष बॅटरीचा नव्हता, तारेचा होता, हे समजले. आज आपले अनेक बंधू वाहनांची वायरिंग, बॉडी आणि गाद्या-पडद्यांची कामे करतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. राहण्याच्या गाड्या बांधण्याचे काम अंगावर घेणाऱ्याने हा हिशेब पक्का शिकून घ्यावा.

प्रथम मापाची भाषा. सुताच्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की ६० नंबरचे सूत ४० नंबरपेक्षा बारीक असते. नंबर वाढला की सूत बारीक. पण डेनियरमध्ये उलटे : १५० डेनियरचा धागा ७५ पेक्षा जाड. तारेतही हेच दोन हिशेब आहेत. गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते. चौरस मिलिमीटरचा आकडा वाढला की तार जाड होते. बाजारात 'चार एमएमची वायर' म्हणतात ती चार चौरस मिलिमीटरची, म्हणजे आतील तांब्याच्या छेदाची. वरच्या प्लास्टिकसह तिची जाडी मोजून फसू नये. जाड आवरण आणि आत मूठभर तांबे, असाही माल मिळतो.

आता घट कशी मोजावी ते पाहू. एक चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तांब्याच्या तारेतून एक अँपियर गेला की सुमारे ०.०१७५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून जाण्याचे व परतीचे मीटर एकत्र घ्यावेत, त्याला अँपियरने गुणावे, मग ०.०१७५ ने गुणावे आणि तारेच्या चौरस मिलिमीटरने भागावे. उत्तर येते ती व्होल्टची घट. परतीची तार विसरणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

माझ्या गाडीत चार्जर चालकाच्या मागे होता आणि बॅटरी अगदी शेवटी, पाच मीटरवर. जाऊन-येऊन दहा मीटर. चार्जर ३० अँपियरचा. दहा गुणिले तीस गुणिले ०.०१७५, म्हणजे ५.२५. मिस्त्रीने ४ चौरसची तार घातली होती, ५.२५ भागिले ४, म्हणजे १.३ व्होल्ट वाटेत गेले. चार्जर आपल्या टोकावर १४.४ व्होल्ट पाहून समजत होता की बॅटरी भरत आली. बॅटरीला मिळत होते १३.१. पुढे चार्जर करंट कमी करतो तशी घटही कमी होते, त्यामुळे फार वेळ मिळाला तर बॅटरी भरतेही. पण आपल्याला रात्री पाच-सहा तासच मिळतात. शिशाची बॅटरी रोज अर्धवट भरली की तिच्या पाट्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि तिची ताकद कायमची जाते. शिवाय त्या तारेत सुमारे ३९ वॅट उष्णता निघत होती आणि कच्च्या जोडापाशी ती साचत होती.

मिस्त्रीला म्हटले, "उस्ताद, तार जाड करू या." ते म्हणाले, "सेठ, जाड करूच, पण आधी चार्जर हलवू या." यातच सारा धडा आहे. पाच मीटरचे अंतर ठेवून घट ०.२ व्होल्टवर आणायची तर २५ चौरसची तार लागते. जाऊन-येऊन सव्वादोन किलो तांबे. चार्जर बॅटरीपासून एक मीटरवर आणला तर १० चौरसच्या तारेत घट ०.१ व्होल्टच राहते आणि तांबे लागते सुमारे १८० ग्रॅम. लांब पल्ला मग २३० व्होल्टच्या बाजूला जातो. तेथे हाच चार्जर दोन-अडीच अँपियरच घेतो, म्हणून १.५ चौरसची तीन पदरी लवचिक केबल पुरते. मात्र या बाजूला ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. हवा, अर्थिंग गाडीच्या सांगाड्याला जोडलेले हवे आणि ही केबल १२ व्होल्टच्या तारांपासून वेगळी न्यावी.

चार्जर बॅटरीच्या जवळ असावा, पण डोक्यावर नसावा. शिशाच्या बॅटरीतून भरताना हायड्रोजन वायू निघतो आणि तो वर जातो. बॅटरीच्या पेटीला बाहेर हवा जाण्याची वाट ठेवावी आणि चार्जर बाजूच्या कप्प्यात बसवावा.

तार नेताना पुढील गोष्टी पाळाव्यात. घरातील कडक एकतारी वायर गाडीत वापरू नये. हादऱ्याने ती तुटते. अनेक बारीक तारांची लवचिक केबल घ्यावी. पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे आणि संपूर्ण वाटेला लवचिक पाइप चढवावा. सायलेन्सर, हलणारे भाग आणि धारदार कडा यांपासून दूर राहावे. दर दीड फुटावर क्लिप लावावी. मध्ये जोड नकोच. टोकाला योग्य मापाचा लग दाबयंत्राने दाबून बसवावा. पकडीने चेपून टेप गुंडाळणे म्हणजे काम नव्हे. परतीसाठी सांगाड्यावर भिस्त ठेवू नये, काळी तार बॅटरीपर्यंत न्यावी.

फ्यूज लाल तारेवर आणि बॅटरीच्या टोकापाशी, वीतभर अंतराच्या आत असावा. कारण तार घासली तर खरी आग बॅटरीतून येते, चार्जरमधून नव्हे. ३० अँपियरच्या चार्जरला ४० चा फ्यूज ठीक. पण तार ४० अँपियर सहज पेलणारी हवी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे होय.

चालत्या गाडीतून मागची बॅटरी भरायची असेल तर दोन्ही बॅटऱ्यांपाशी फ्यूज लागतो, कारण तारेची दोन्ही टोके जिवंत असतात. बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांचा अल्टरनेटर व्होल्ट खाली-वर करतो. तेथे साधी रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर लावावा. लिथियम बॅटरी बसवणाऱ्याने तर तो लावावाच आणि चार्जरही लिथियमचाच घ्यावा.

काम संपल्यावर पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. बॅटरी थोडी उतरवून चार्जर लावावा. पूर्ण करंट असताना मल्टिमीटरने चार्जरच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत, लगेच बॅटरीच्या टोकांवर मोजावेत. फरक ०.२ पेक्षा जास्त असेल तर तार किंवा जोड कोठेतरी कमी पडतो आहे. अर्ध्या तासाने प्रत्येक जोडाजवळ हात न्यावा. गरम लागला तर तो पुन्हा करावा.

माझी सध्याची बॅटरी चौथ्या वर्षात आहे. चार मीटर तारेत वाचवलेल्या पैशांपायी मी एक बॅटरी पूर्ण आणि दुसरी अर्धी गमावली होती. आणि त्या रात्री जाग आली नसती तर गठ्ठ्यासह बरेच काही गमावले असते. कापड घेताना आपण हाताने सूत तपासतो. तार घेतानाही तांबे पाहूनच घ्यावे.