सेशनचा अंमल कोठवर?

चि. बाळ यास,

पत्र पावले. हायबरनेटचे सेशन कोणत्या थराने उघडावे व कोणत्या थराने मिटवावे, हा तुझा प्रश्न वरकरणी तपशिलाचा भासला, तरी साऱ्या रचनेची शिस्त त्यावरच अवलंबून असल्यामुळे त्याचा खुलासा जरा विस्ताराने करतो.

सेशनफॅक्टरी ही उभारण्यास खर्चिक, परंतु एकदा उभी राहिली की सर्व थ्रेडांनी निर्धास्तपणे वापरावी अशी वस्तू. सेशन मात्र अल्पायुषी आणि एका वेळी एकाच थ्रेडच्या मालकीचे. एवढे ध्यानात घेतले म्हणजे ते सिंगलटन सर्व्हिसच्या फील्डमध्ये जपून ठेवण्याचा विचार आपोआपच बाद होतो.

सेशनची हद्द ट्रॅन्झॅक्शनच्या हद्दीशी जुळवावी; तू मात्र प्रत्येक डीएओच्या प्रत्येक मेथडवर स्वतंत्र ट्रॅन्झॅक्शन लावले आहेस. ऑर्डर नोंदवणे आणि साठा घटवणे ही वस्तुतः एकाच व्यवहाराची दोन अंगे असता पहिले कमिट होऊन दुसरे फसले, तर ऑर्डर दप्तरी कायम आणि साठा जसाच्या तसा, अशी विसंगती निर्माण होते. कारण दोहोंना मिळून रोलबॅक करण्याची मुखत्यारी तू कोणाकडेच ठेवलेली नाहीस. ती सर्व्हिसकडेच असली पाहिजे, कारण व्यवहार कोठे सुरू होतो आणि कोठे पुरा होतो हे त्या थरालाच ठाऊक असते.

आता सेशन मिटल्यावर पानावर ऑर्डरच्या ओळी दाखवताना उठणाऱ्या लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शनविषयी. ओपन-इन-व्ह्यू, म्हणजे पान तयार होईपर्यंत सेशन उघडे ठेवण्याची सोय, चालू करावे, असे तुझे सहकारी सुचवतात. स्प्रिंग बूटमध्ये ते मुळातच चालू असते (तुझ्याकडे ते बंद केलेले असणार, एरवी हा अपवाद उठता ना), आणि 2.0 पासून अॅप सुरू होताना लॉगमध्ये त्याबद्दल इशाराही येतो, तो उगीच नव्हे. त्या व्यवस्थेत पहिल्या क्वेरीसाठी घेतलेले कनेक्शन सर्वसाधारणपणे रिक्वेस्ट संपेपर्यंत सुटत नाही. हिकारीच्या पूलमध्ये मुळात 10 कनेक्शने, आणि दहा रिक्वेस्ट एखाद्या मंद बाह्य सेवेच्या उत्तरासाठी खोळंबल्या, की अकरावी 30 सेकंद तिष्ठत राहून अपयशी ठरते, आणि डेटाबेस तर त्या वेळी रिकामा बसलेला असतो! शिवाय 100 ऑर्डरींची यादी दाखवताना टेम्प्लेटने प्रत्येकीच्या ओळींना हात लावला, की एका क्वेरीच्या 101 होतात, आणि अपवाद उठत नसल्यामुळे त्याचा कोणाला सुगावाही लागत नाही.

तेव्हा पानाला लागणारा मजकूर सर्व्हिसनेच जॉइन फेचने आणून डीटीओत भरावा आणि कंट्रोलरच्या हाती केवळ तो डीटीओ द्यावा. मात्र कलेक्शनचे जॉइन फेच आणि पेजिंग एकत्र आले, तर हायबरनेट बहुधा सगळ्या रांगा मेमरीत आणून मग पान कापते; अशा ठिकाणी आधी त्या पानापुरते आयडी आणून नंतर त्यांच्या ओळी आणाव्यात.

सर्व्हिसवर लावायचे ट्रॅन्झॅक्शनल हे अॅनोटेशन प्रॉक्सीमार्फत अंमलात येते, म्हणून त्याच क्लासमधील एका मेथडने दुसरीला बोलावल्यास ते लागू होत नाही. आणि चेक्ड एक्सेप्शनवर, तशी स्पष्ट तजवीज केल्यावाचून, रोलबॅक होत नाही.

हे बदल तपासताना टेस्ट क्लासवरचे ट्रॅन्झॅक्शनल आधी काढून टाक. ते असल्यास सेशन टेस्ट संपेपर्यंत उघडे राहते, आणि जो दोष प्रत्यक्ष सर्व्हरवर पहिल्याच रिक्वेस्टला उघडकीस येईल, तोच टेस्टमध्ये बिनबोभाट झाकला जातो. मग जी टेस्ट पडेल, तिच्यातील क्वेरी मला लिहून पाठव.



तुझा,
मामा