यकृतातील मेद आणि मधुमेह : एक अभ्यास



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आयुष्याच्या अखेरच्या दशकात मधुमेहाने ग्रासले होते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. पायांतील मज्जातंतूंच्या वेदना सहन करीत त्यांनी लेखन चालू ठेवले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ वर्षांचे होते. त्या काळी इन्सुलिन उपलब्ध होते. परंतु मधुमेहाविषयी आज जे ज्ञान आहे त्यातील फार थोडे तेव्हा हाती होते. आज ते ज्ञान उपलब्ध असूनही आपण त्याचा उपयोग करीत नसू, तर दोष कोणाचा?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणावर आधारित २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावीही "शुगर निघाली" हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. त्याचबरोबर दुसरेही एक वाक्य कानी पडते, "सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आले, पण डॉक्टर म्हणाले काही विशेष नाही." तो कागद पेटीत जातो आणि विसरला जातो. ही दोन वाक्ये परस्परांशी किती निगडित आहेत, हे समजून घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रात्री थोडेच खाल्ले, तरी सकाळी साखर का वाढते?

मधुमेहाचे अनेक रुग्ण तक्रार करतात की, "रात्री एकच पोळी खाल्ली, गोड तर शिवलोसुद्धा नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १६०! ही आली कोठून?" या प्रश्नाचे उत्तर यकृतात आहे.

यकृत म्हणजे लिव्हर. पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड असलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव शरीराचे कोठार आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा काही भाग यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते. हा साठा साधारणतः शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. रात्री आपण झोपलेले असताना मेंदूला साखर लागतेच. तेव्हा यकृत साठ्यातील साखर काढते, शिवाय नवी साखर तयारही करते आणि रक्तात सोडते. यकृत साखर तयार करते हा शोध फ्रान्सचे शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लावला.

कोठार असले की कोठीवाला हवाच. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे काम करते. "आता पुरे, साखर सोडू नकोस" हा हुकूम इन्सुलिन यकृताला देते. निरोगी यकृत तो हुकूम पाळते. मेदाने भरलेले यकृत मात्र तो नीट पाळत नाही. परिणामी रात्रभर साखर रक्तात सुटत राहते आणि सकाळची तपासणी बिघडते. म्हणून उपाशीपोटी वाढलेली साखर ही बव्हंशी रात्रीच्या पोळीची नसून यकृताने सोडलेली असते.

यकृतात मेद साचतो कसा?

यकृतात ५ टक्क्यांहून अधिक मेद साचला की त्यास मेदयुक्त यकृत अथवा फॅटी लिव्हर म्हणतात. मेद म्हणजे केवळ तेलातुपातून येणारी चरबी, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. भात, पोळी, साखर, मैदा यांतून मिळालेली साखर स्नायूंनी वापरली नाही आणि ग्लायकोजेनचे कोठारही भरलेले असले, तर यकृत तिचे मेदात रूपांतर करते. पोटावरील चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लेही यकृतातच येतात.

आपल्या आजोबांचे ताट मोठे होते, परंतु ते दिवसभर शेतात राबत होते. त्यांचा नातू आज शाळेत, कार्यालयात अथवा दुकानात बसून काम करतो, मोटारसायकलने फिरतो, आणि ताट मात्र आजोबांचेच राहिले आहे. त्यात सकाळची कचोरी, आलूबोंडा आणि दिवसभराच्या चहाची भर पडली. हिशेब करून पाहा. दिवसाला ५ कप चहा आणि कपाला २ चमचे साखर, म्हणजे १० चमचे. चमच्याला ५ ग्रॅम धरले तर ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एकटा माणूस केवळ चहातून पोटात घालतो.

दुहेरी नाते

या दोन विकारांचे नाते एकेरी नाही. त्याचा क्रम असा :

१) गरजेपेक्षा अधिक खाणे व श्रमाचा अभाव यामुळे यकृतात मेद साचतो.

२) मेदयुक्त यकृत इन्सुलिनला दाद देत नाही; रक्तातील साखर वाढू लागते.

३) स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. हे वाढलेले इन्सुलिन यकृताला आणखी मेद तयार करावयास लावते.

४) यकृत जादा मेद रक्तात पाठवते. तो स्वादुपिंडातही साचतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतात आणि मधुमेह प्रकट होतो.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांनी २००८ साली हे चक्र मांडले. फॅटी लिव्हर असलेल्या व्यक्तीस मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. उलट बाजूने पाहिले तर टाइप २ मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात मेद आढळतो, आणि मधुमेह असला की यकृताची हानी अधिक वेगाने होते. प्रथम केवळ मेद, मग सूज, मग यकृतात व्रणासारखे कठीण तंतू, आणि काहींच्या बाबतीत शेवटी सिरॉसिस वा कर्करोग, अशा या पायऱ्या आहेत. सर्वच रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत जात नाहीत. परंतु वरच्या पायऱ्यांवर फारसे दुखत-खुपत नाही, हीच यातील खरी अडचण होय. (बालवयात बहुधा सुरू होणारा टाइप १ मधुमेह वेगळ्या कारणाने होतो. त्यास हे विवेचन लागू नाही.)

"मी तर दारूला शिवत नाही!"

लिव्हर बिघडले म्हणजे माणूस दारू पितो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. दारूने यकृत नष्ट होते हे खरेच आहे आणि आपल्या वस्त्यांनी त्याची किंमत मोजली आहे. परंतु अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग यांनी १९८० साली २० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताची स्थिती मद्यप्यांसारखी होती, पण ते मद्यपी नव्हते. तेव्हापासून या विकाराला वेगळे नाव मिळाले. २०२३ साली जागतिक पातळीवर नाव पुन्हा बदलून त्यास चयापचयाशी निगडित मेदयुक्त यकृत असे संबोधण्यात आले.

एखाद्या माउलीच्या अहवालात फॅटी लिव्हर लिहून आले की ती लाजेने कोणास सांगत नाही. लोक काय म्हणतील, ही धास्ती. ही लाज अनाठायी आहे. आणि ज्यांच्या यकृतात मेद आहे त्यांनी दारूचा थेंबही घेऊ नये, कारण ती आगीत तेल ओतते.

"मी तर सडपातळ आहे!"

दुसरा गैरसमज असा की, हा लठ्ठ व श्रीमंत लोकांचा आजार आहे. या बाबतीत पुण्यातील संशोधन आपण अवश्य जाणून घ्यावे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो प्रसिद्ध केला. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. परंतु शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला! वरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशी ही भारतीय शरीराची ठेवण आहे.

तिचे मूळ गर्भापर्यंत जाते. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असे दिसून आले की, आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, स्नायूंनी किरकोळ, पण मेद मात्र त्या मानाने राखून असलेली जन्मतात. अनेक पिढ्यांच्या उपासमारीने शरीराला ही सवय लावली, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहणे आले, त्या समाजाने या संशोधनाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. घरातील मुलीला व गर्भवतीला पोटभर, सकस अन्न देणे हाही मधुमेह टाळण्याचाच मार्ग आहे.

तपासणी कोणती करावी?

पहिली तपासणी घरीच टेपने होते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी. यांपेक्षा अधिक नसावा. बीएमआय २३ च्या आत असावा. उंची १६० सें.मी. असल्यास सुमारे ५९ किलो वजनाला ही मर्यादा येते.

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ असेल तर तो मधुमेहाचा उंबरठा. १२६ वा अधिक पुन्हा आढळल्यास मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत ५.७ ते ६.४ हा उंबरठा व ६.५ पासून मधुमेह. येथे विदर्भातील वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना : आपल्या भागात व समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असणाऱ्यांमध्ये एचबीए१सीचा आकडा फसवा निघू शकतो. म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगावे आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेवर भर द्यावा.

यकृतासाठी सोनोग्राफी उपयोगी आहे. परंतु मेद थोडा असल्यास ती चुकते. यकृत कितपत कठीण झाले आहे याचा अंदाज साध्या रक्ततपासणीवरून काढता येतो. त्यास फिब-४ म्हणतात. वयाला एएसटीच्या आकड्याने गुणावे. दुसरीकडे प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एएलटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्यास दुसऱ्याने भागावे. उदाहरणार्थ, वय ५०, एएसटी ४०, एएलटी ६४, प्लेटलेट २,५०,००० :

५० × ४० = २०००; २५० × ८ = २०००; उत्तर १.

उत्तर १.३ पेक्षा कमी असल्यास सध्या गंभीर हानीची शक्यता कमी (वय ६५ च्या वर ही मर्यादा २ धरतात). अधिक असल्यास पुढील तपासणी आवश्यक, २.६७ च्या वर असल्यास विलंब नको. तरुण मुलांत हे गणित विश्वसनीय नसते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. तेव्हा मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने "माझ्या लिव्हरचे काय?" हा प्रश्न सरकारी दवाखान्यात हक्काने विचारावा. गरज पडल्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन पुढील सल्ला घ्यावा.

उपाय आपल्या हाती

या विकाराची सर्वात आशादायक बाब अशी की, यकृतातील मेद परत जातो. प्रा. टेलर यांनी २०११ साली ११ मधुमेही रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अत्यल्प आहारावर एका आठवड्यातच त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य झाली, कारण यकृतातील मेद झपाट्याने कमी झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांपैकी वजन घटविण्याचा कार्यक्रम दिलेल्या गटातील ४६ टक्के रुग्ण वर्षाअखेर औषधाविना मधुमेहमुक्त स्थितीत होते.

अर्थात असा कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. घरी करावयाचा मार्ग संथ आहे. त्याचे उत्तम उदाहरण पाली वाङ्‌मयात आढळते. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्यास मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास तो उपदेश पाठ करावयास लावून रोज जेवताना आपणास ऐकवावयास सांगितले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. राजाने एका दिवसात भात सोडला नाही. रोज आठवण देणारा माणूस मात्र जवळ ठेवला. प्रत्येक घरात असा एक सुदस्सन हवा, आणि ते काम विद्यार्थ्यांनी करावे.

१) ७० किलोच्या व्यक्तीने साडेतीन किलो वजन घटविले तरी यकृतातील मेद कमी होतो, ५ ते ७ किलो घटविल्यास सूजही उतरते.

२) चहातील साखर आठवड्याआठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. थंड पेये, मैद्याचे व तळलेले पदार्थ टाळावेत.

३) ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा असावा : अंबाडी, पालक, वांगी, मेथी, काकडी. पाव भाग वरण, उसळ, अंडी वा मासे. उरलेल्या पाव भागात भाकर किंवा भात, दोन्ही नव्हे. ज्वारीची भाकर चांगली, पण तिलाही मोजमाप आहे.

४) आठवड्यातून किमान ५ दिवस ३० मिनिटे झपझप चालावे. चालणारा स्नायू रक्तातील साखर स्वतः ओढून घेतो आणि यकृताचा भार हलका करतो.

५) गोळ्या वा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. आहार कमी करताना औषधाची मात्रा तशीच राहिली तर साखर एकाएकी उतरून धोका होतो. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. जाहिरातीतील लिव्हर टॉनिकवर मजुरीचे पैसे घालवू नयेत.

समारोप

मधुमेह ज्या दिवशी रक्तात दिसतो, त्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याची तयारी अनेकदा यकृतात सुरू झालेली असते. पेटीत ठेवलेला तो सोनोग्राफीचा कागद म्हणजे वेळेवर आलेली सूचना आहे. ती वाचून घरातील एक माणूस जरी वेळीच सावध झाला, तरी या लेखाचे सार्थक होईल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) रात्री न जेवताही सकाळी रक्तात साखर कोठून येते?

२) डॉ. याज्ञिक व डॉ. युडकिन यांच्या उदाहरणावरून बीएमआयची कोणती मर्यादा स्पष्ट होते?

३) वय ५०, एएसटी ४०, एएलटी ६४, प्लेटलेट १,२५,००० असल्यास फिब-४ किती? त्या व्यक्तीस आपण काय सल्ला द्याल?

४) आपल्या घरातील सर्व मोठ्या माणसांच्या कमरेचा घेर मोजून नोंद करा.