तरंगणारा खडा अतिसंवाहक असतो का?

प्रश्न : चुंबकावर तरंगणाऱ्या खड्याचा व्हिडिओ कितपत विश्वासार्ह?

उत्तर : नुसते तरंगणे हा अतिसंवाहकतेचा पुरावा नव्हे. पायरोलिटिक ग्रॅफाइटची पातळ चकतीही चुंबकांवर तरंगते. २०२३ मध्ये गाजलेल्या दक्षिण कोरियातील ‘एलके-९९’ या कथित अतिसंवाहकाच्या व्हिडिओत करड्या खड्याची एक कड चुंबकाला टेकलेलीच दिसते, लोहचुंबकीय अशुद्धीनेही खडा असाच अर्धवट उचलला जातो. द्रव नायट्रोजनात थंड केलेला वायबीसीओ हा खरा अतिसंवाहक मात्र अधांतरी जखडतो, चुंबक उलटा धरला तरी खाली लटकून राहतो. व्हिडिओत नेमके हेच शोधावे. अतिसंवाहकतेची दुसरी खूण मानली जाणारी विद्युतरोधाची घसरणही फसवी ठरू शकते : एलके-९९मध्ये ती सुमारे १०४ अंश सेल्सिअसला कॉपर सल्फाइडच्या रूपबदलामुळे झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला एलके-९९मध्ये अतिसंवाहकता आढळली नाही. जर्मनीत बनवलेला त्याचा शुद्ध स्फटिक तर विद्युतरोधक निघाला.