डाक कोठें खोळंबते?

डाक उशिरां आली कीं गाडी मंद होती असें वाटतें. पण खोळंबा नेमका कोठें होतो, हें आधीं पाहावें.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्यावर ३७ फुटांस १ फूट चढ. परंतु विलंब केवळ चढाचा नव्हता. खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनांत प्रत्येक गाडी थांबे, इंजिन एका टोकाचें सोडून दुसऱ्या टोकास जोडीत, मगच ती उलट दिशेनें निघे. तेथें इंजिनाचा जोर काय कामाचा? १९२९ सालीं मार्गच बदलला, तेव्हां हा थांबा मिटला.

आजच्या ईमेलचेंही असेंच. भार वांटणाऱ्या यंत्रांतून आलेल्या पत्रावर कित्येकदां त्या यंत्राचाच पत्ता दिसतो. घेणारा सर्व्हर त्यावरून नांव शोधतो. उत्तर येत नाहीं, तोंवर पत्र दाराशींच उभें. पत्त्याच्या नांवाची नोंद करावी, म्हणजे तें चालूं लागतें.