मुलचेऱ्याला रुजू झालेल्या भाच्यास

चामोर्शी



तुझं पत्र पोचलं. खुर्चीवर नीट बसला नाहीस तोच धोरणही ठरवून टाकलंस: जो बंगाली माणूस मराठीत अर्ज सांगणार नाही, त्याला रहिवासी दाखला नाही, नमुना आठ नाही. 'साठ वर्षं इथलं खातात, एक भाषा शिकता येत नाही?' असं लिहिलंयस. तुझा राग समजतो. ग्रामसभेत आपण बोलत राहावं आणि समोरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघत बसावं, म्हणजे नव्या माणसाला वाटतं की आपली थट्टाच चाललीय. (तुमच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात म्हणे. गाव ग्रामसेवकच म्हणणार, सवय करून घे.)

आधी कायद्याचं उरकतो. दाखला ही तुझी मेहेरबानी नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित दाखला-उतारा मुदतीत द्यावा लागतो, आणि नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. 'अर्जदारास मराठी येत नाही' असं एकदा लिहून बघ, बीडीओ साहेब दुसऱ्याच दिवशी बोलावतील. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी हवीच, असं परिपत्रक परिवहन खात्यानं 2016 मध्ये काढलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं ते पुढच्या वर्षी रद्द केलं. अख्ख्या खात्याला जे जमलं नाही ते एका ग्रामपंचायतीत करून दाखवायची खुमखुमी ठेवू नकोस.

आता ही माणसं कोण, ते ऐक. पूर्व पाकिस्तानात 1964 च्या दंगली झाल्या आणि हिंदूंचे लोंढे सीमा ओलांडून आले. रायपूरजवळच्या माना कॅम्पात त्यांना ठेवलं, आणि पुढे दंडकारण्यात, कोरापूट-बस्तरकडे, वसवलं. काही कुटुंबं आपल्या वाट्याला आली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये झाला, सगळा चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्हाच. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या जंगलपट्ट्यात त्यांना जमिनी दिल्या. यातले बहुतेक नामशूद्र, नदीकाठच्या भाताची आणि मासोळीची जाण असलेले. त्यांना इथे मुरमाड जमीन आणि सागाची खुंटं मिळाली. सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदीरामपल्ली ही नावं तुझ्या दप्तरात आहेतच. अख्खं गावच्या गाव एका भाषेचं, आणि ते तसं वसवलं सरकारनं. शेजारी मराठी बोलणारं घर नाही, बांधाला मराठी शेत नाही, तर मराठी त्यांच्या कानावर पडायची कुठून?

तरीही ती पडली. मी त्या गावांत शिकवलंय. पहिलीतलं पोर दिवाळीपर्यंत गप्प बसतं आणि होळीपर्यंत वर्गाच्या चुगल्या मराठीत सांगायला लागतं. बंगालीत नामाला लिंग नाही, त्यामुळे 'माझा आई आला, बाबा गेली' हे चालायचंच, आणि मोठ्या माणसाचं ते आयुष्यभर सुटत नाही. मास्तर म्हणून मी ते वहीत दुरुस्त केलं, बाजारात कधी नाही. बाप्ये माणसं आठवडी बाजारात शिकली. वांगी नि मासोळी विकायची तर भाव करता आला पाहिजे, त्यासाठी कुणी परीक्षा घेतली नव्हती. बल्लारपूर-घुग्घुसच्या खाणींवर तेलुगू मजूर आले, त्यांचंही असंच झालं, फक्त तिथली बाजारभाषा हिंदी. तिथल्या बाजाराची हिंदी ऐकून हिंदीचा मास्तर रडेल, पण माल विकला जातो.

मागे राहिल्या त्या बाया आणि म्हातारे. याच ठिकाणी मला मराठी हवीय, आणि तुझ्याहून जास्त हवीय. दवाखान्यात सून येते, सिस्टर विचारते पाळी कधी चुकली, आणि उत्तर द्यायला सोबत दहा वर्षांचा मुलगा उभा असतो. तो बिचारा लाजतो, आई अर्धं गिळते, सिस्टर अंदाजानं लिहिते. सातबाऱ्यावर आपलं नाव लागलंय की दिराचं, हे तिला वाचता येत नाही. मराठी न येण्याची किंमत ग्रामपंचायत भरत नाही, ती बाई भरते. मग तू तिचा दाखला अडवून तिला काय शिकवणार? घरातले म्हणतील, तू जाऊ नकोस, मीच जातो. ती आणखी आत ढकलली जाईल.

सगळीच सक्ती वाईट असं मात्र मी म्हणत नाही. 2020 मध्ये सरकारनं सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, तो कायदा मला पसंत आहे. कारण पोराला मराठी घ्यायला लावायची तर शाळेला मराठीचा मास्तर ठेवावा लागतो, पुस्तक द्यावं लागतं. सक्ती करणारा त्यात आधी स्वतः बांधला जातो. तुझ्या खिडकीवरच्या सक्तीत मास्तर कुठाय? अमेरिकेसारखा देश नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा घेतो, पण वय पन्नाशीपुढे आणि कायम वास्तव्याला वीस वर्षं झाली असतील तर इंग्रजी माफ; देशाच्या इतिहासाचे आणि कारभाराचे प्रश्न आपल्या भाषेत सोडवायचे. न्यू जर्सीच्या तुझ्या मावशीला ती सवलत रास्त वाटते. खुदीरामपल्लीच्या आजीबद्दल तिचं मत विचारलं तर सूर बदलतो, पण ते असो.

आणि मराठी आली की सगळं सुरळीत होईल, असंही त्यांना सांगत सुटू नकोस. नामशूद्र बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, आपल्या राज्याच्या यादीत नाहीत. तुझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारा तिथला नातू शिष्यवृत्तीच्या अर्जाशी अडतो तो भाषेमुळे नव्हे.

आता तुझ्याकडे वळतो. तुझ्याच तालुक्यात गोंड गावंही आहेत. त्यांच्या दृष्टीनं बाहेरून आलेला कोण? बंगाली साठ वर्षांपूर्वी आला आणि तू परवा नागपूरहून आलास. सिरोंचाकडे बदली झाली तर तिथल्या तेलुगू घरांना 'स्थलांतरित' म्हणू नकोस. 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडून तो मुलूख चांद्याला जोडला, माणसं होती तिथेच होती. गोंडीची गत तर याहून चमत्कारिक. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये आपल्या पोरांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवली आणि गावाला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम 350-क राज्याला सांगतं, आणि ते करायला निघालेलं गाव बेकायदा ठरतं.

सक्ती करायची तर ती पगार घेणाऱ्यावर करावी, एवढंच माझं म्हणणं. हे काही मी नव्यानं काढलेलं नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या अधिकाऱ्याला आपलं सरकार मराठीच्या परीक्षेला बसवतंच, एतदर्थ मंडळाची ती परीक्षा तुला ठाऊक असेल. त्यामागचा विचार सरळ आहे: लोकांनी साहेबाची भाषा शिकायची नसते. मग तोच न्याय गोंडांच्या गावी नेमलेल्या मराठी माणसाला का नको? हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आधी तिथली माडिया भाषा शिकले. दुखतं कुठे हे विचारल्याशिवाय औषध कसलं देणार? ते तर सरकारी पगारावरही नव्हते.

तू पंडित हो असं म्हणत नाही. नाव काय, कुणाचा, कधी जन्मला, कागद कुठाय, उद्या ये: एवढं बंगालीत आणि गोंडीत आलं तरी तुझ्या खिडकीवरचं निम्मं भांडण मिटेल. बंगाली तुला जड जाणार नाही, ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतील. गोंडी द्रविड कुळातली, तिला वेळ लागेल, वही कर.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस मराठीखाली बंगालीतही लाव. मजकूर लिहून द्यायला माझा एक जुना विद्यार्थी तयार आहे, त्याला तुझा नंबर दिलाय. गोंड टोल्यांवर नोटीस वाचणारे थोडे, तिथे दवंडी गोंडीतच द्यायला सांग. आणि रात्री समाजमंदिरात बायांसाठी मराठीचा वर्ग चालवणार असशील, तर रविवारी मी येत जाईन. एसटी चामोर्शीहून सकाळची आहे, पण परतीचं तूच बघ, माझ्याच्यानं आता मोटारसायकलवर मागे बसवत नाही.

तुझ्या आईला फोन करत जा.

तुझा,
मामा