आजीचे प्रेशर आणि घरी येणारी ताई

कोकणातल्या एखाद्या गावात सकाळी ओटीवर असे बोलणे चालते :

"आजी, कालची गोळी घेतलीत ना?"

"अगं, आता बरं वाटतंय. मग कशाला उगाच खायची? संपली की परत केंद्रावर हेलपाटा."

"बरं वाटतंय ते गोळीमुळेच. आणा बघू पाकीट."

आजी पाकीट आणतात. दहातल्या सात गोळ्या तशाच असतात. ताई रागावत नाही. ती विचारते, चहा कधी घेता, आणि चहाच्या डब्याशेजारीच पाकीट ठेवून देते. तेवढ्या एका गोष्टीने पुष्कळदा काम होते.

ही ताई म्हणजे 'आशा'. भारतात 2005 साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार लोकवस्तीमागे अशी एक स्त्री नेमली गेली. ती बहुधा त्याच गावची सून असते. आशा हे नाव एका लांबलचक इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांचे आहे, पण मराठी कानाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ती डॉक्टर नाही. गोळी लिहून देणे, बदलणे वा बंद करणे तिचे काम नव्हे. तिशी ओलांडलेल्यांची घरोघर माहिती भरणे, त्यांना तपासणीला पाठवणे आणि एकदा गोळी सुरू झाली की ती चालू राहते ना हे पाहणे, हे तिचे काम. तिला ठरावीक पगाराऐवजी मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो पुरेसा नाही ही तिची जुनी तक्रार रास्तच आहे. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने या दहा लाखांच्या आसपास स्त्रियांचा गौरव केला.

घरोघर जाण्याची गरज का पडते? "ज्याचं जळतं त्याला कळतं" अशी मराठीत म्हण आहे. रक्तदाबाची पंचाईत हीच की जळत असते, पण कळत नाही. दाब 140/90 च्या वर राहिला तरी बहुतेकांना काही दुखत नाही. दुखत नाही म्हणून गोळी सुटते, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड मात्र वर्षानुवर्षे मार खात राहतात. डॉक्टरांची भेट काही मिनिटांची. गोळी घ्यायची असते रोज, घरी, आणि आयुष्यभर. मधल्या काळात विचारणारे कोणी हवे.

असे विचारण्याने खरेच फरक पडतो का, हे बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या देशांतल्या 30 खेड्यापाड्यांच्या वस्त्यांत तपासले गेले. 2645 माणसे, दोन वर्षे. निम्म्या वस्त्यांत सरकारी आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन दाब मोजत, घरच्यांसमक्ष समजावत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे पाठवत. 2020 साली निष्कर्ष छापून आले : त्या वस्त्यांतला वरचा दाब इतरांपेक्षा सरासरी 5 अंकांनी अधिक उतरला होता. आकडा लहान दिसतो. पण एका माणसाचा पाच अंकांनी उतरणे वेगळे आणि सगळ्या वस्तीचा उतरणे वेगळे. दुसऱ्यात पक्षाघाताचे कितीतरी झटके टळतात.

इस्रायलमध्ये आशा नाही. येथे 1995 पासून कायद्याने प्रत्येक रहिवासी चारपैकी एका कुपत होलीमचा सभासद असतो. डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधे आहेत. अडचण दुसरीच येते. इथिओपियाहून आलेल्या वृद्धांच्या बाबतीत ती आधी ध्यानात आली. त्यांना हिब्रू कळत नसे, आणि त्यांच्या भाषेत आजार सांगण्याची रीतच निराळी. म्हणून 1998 च्या सुमारास 'रेफुआ श्लेमा' या कार्यक्रमात त्यांच्याच समाजातले मध्यस्थ दवाखान्यांत बसवले गेले. त्याच वर्षी हदेरा येथे डॉक्टर अनात याफे यांनी 'तेने ब्रिउत' ही संस्था सुरू केली, मुख्यतः मधुमेहासाठी. तिथेही शिकवणारे त्याच समाजातले.

मराठी बोलणाऱ्या आजी-आजोबांसाठी असा मध्यस्थ सहसा नसतो. तिथे नातवंडालाच ताई व्हावे लागते. आजी डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला "बेसेदर, बेसेदर" म्हणून मान हलवते आणि बाहेर आल्यावर विचारते, "काय म्हणाले रे ते?" म्हणून या धड्यातले शब्द नीट शिकायचे.

पहिला शब्द चक्कर. हिब्रूत सगळ्यालाच बहुधा स्खारखोरेत म्हणतात. मराठी आजी मात्र चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असते. "गरगरतं" म्हणजे खोली फिरल्यासारखी वाटते. हे कानाच्या आतल्या बिघाडानेही होते. "उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते" म्हणजे उभे राहताच दाब एकदम उतरतो. गोळी जास्त होत असेल, आणि हे डॉक्टरांना सांगायलाच हवे, कारण म्हातारपणी पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. "भोवळ" किंवा "घेरी" आली म्हणजे शुद्ध जाण्याच्या बेतात होती. "तोल जातो" यात डोके फिरतच नाही, पाय साथ देत नाहीत. या चारही वाक्यांचे एकाच शब्दात भाषांतर केले की डॉक्टर चुकीच्या वाटेला लागतात.

तसेच इतर शब्द. ॲम्लोडिपिन या नेहमीच्या गोळीने काहींच्या घोट्याला सूज येते. दाबाच्या काही दुसऱ्या गोळ्यांनी कोरडी ढास लागते, आणि आजी महिनोन्‌महिने आले-मध चाटत बसते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटरीत गोळे येऊ शकतात. (तोंडात घ्यायची गोळी आणि पायात येणारे गोळे यांची गल्लत करू नये.) हे सगळे सांगितले तर गोळी बदलून मिळते. न सांगता आजी ती गुपचूप बंद करते.

मिठाचे काय? दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा. लोणचे, पापड, सुके बोंबील यांतले मीठ सर्वांना ठाऊक असते. ऑलिव्ह, खारट चीज आणि सूपची पूड यांतले विसरले जाते. आणखी एक जागा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोशेर मांस मीठ लावून, मग धुऊन विकायला येते. थोडे मीठ आत मुरलेलेच असते. म्हणून रस्सा आधी चाखावा, मग मीठ घालावे. नारळ, कोकम, कोथिंबीर, लिंबू हाताशी असताना जेवण अळणी लागण्याचे कारण नाही. बाजारात 'कमी सोडियम' म्हणून मिळणारे मीठ मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दारफाळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पुरचा, उपास हा घरोघरी वादाचा विषय. पंचवीस तास पाणी नाही, त्यात लघवी वाढवणारी गोळी. वृद्धाला हे झेपेलच असे नाही. जीव वाचवणे उपासापेक्षा मोठे, हे धर्मशास्त्रच सांगते. तरी आजी ऐकत नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी घातलेल्या वादाचा उपयोग होत नाही. दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना आणि रब्बींना तिच्यासमोरच विचारले, तर बहुधा होतो.

घरी दाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचे नाही. हे आजीला सर्वांत अवघड जाते. एका मिनिटाने पुन्हा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावे.

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही एकाएकी दिसले तर दाब मोजत बसू नये. 101 ला फोन करावा.

शब्दार्थ : हेलपाटा – फुकटची खेप. मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे. ढास – सतत येणारा कोरडा खोकला. लुळा – शक्ती गेलेला. अळणी – मीठ नसलेले.

घरचा अभ्यास : (1) "माझा बीपी वाढवू नकोस" असे आजी कधी म्हणते? तेव्हा तिला दाबाबद्दल बोलायचे असते का? (2) गरगरणे, अंधारी, भोवळ, तोल जाणे यांवर एकेक वाक्य लिहा आणि त्याचे हिब्रू करून पाहा. (3) घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या गोळ्यांची पाकिटे दाखवायला सांगा. प्रत्येक गोळी कशासाठी आणि कधी घ्यायची, हे मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर लिहा, त्यांना वाचून दाखवा, आणि मग त्यांच्याकडून वाचून घ्या. कागद डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहा आणि पुढच्या तासाला त्यातले अडलेले शब्द घेऊन या.